मागून येणाऱ्यासाठी

दि. १४ एप्रिल २०२४

प्रिय माहरुख आपा,

सलाम. आणि हो, सा. न. वि. वि. तुडीलच्या शाळेत गुरुजी या चार अक्षरांना अर्धा मार्क द्यायचे, तो मी अजून सोडत नाही.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. आपल्या घरी फोन वाजला की अम्मी तो स्पीकरवर टाकते आणि अख्खा मोहल्ला ऐकतो. इथलं सगळंच तिनं ऐकावं असं नाही. म्हणून हे पत्र गावातल्याच तुझ्या सासरच्या पत्त्यावर.

मांसाच्या कारखान्यात हलालचं काम बरं चाललंय. जीव टांगणीला लागतो तो परतीच्या वाटेवर. कारखान्यापासून आमच्या खोलीपर्यंत चाळीसेक किलोमीटर सरळसोट रस्ता आणि माझी जुनी मोटारसायकल. ऊन उतरलं की कांगारू चरायला रस्त्याच्या कडेला येतात. चित्रातल्यासारखे गोंडस नाहीत गो, चांगले माणसाएवढे उंच असतात. उडी कुठे पडणार ते त्यांचं त्यांनाच ठाऊक नसतं. हॉर्न दिला तर बिचकून आपल्याच पुढ्यात येतात. इमू तर बराच वेळ शेजारून पळतो आणि मध्येच आडवा जातो. इथल्या मोटारींना पुढे जाडजूड लोखंडी दांडे लावलेले असतात. मोटारसायकलच्या पुढे काय? आपणच.

सोबतीला ओंकार आहे, आपल्या पोलादपूरच्या कुडपणचा. तो शीतगृहात फोर्कलिफ्ट चालवतो. त्याची पाळी माझ्यानंतर सुटते, त्यामुळे तो रोज त्याच्या मोटारसायकलवर माझ्या मागून येतो. परवा रस्त्यात मेलेला कांगारू पडला होता. मी उतरलो, शेपटी धरून कडेला ओढला आणि अब्बांसारखी रक्तावर माती टाकली. ओंकारला सांगितलं तर हसून म्हणाला की तुझ्या बापाचा ट्रक हितपण आला काय रे.

अम्मीला यातलं काही सांगू नकोस. लोभ आहे तेवढाच राहू दे, वाढवलास तर सल्लेही वाढतील.

तुझा,
उबेद

दि. ९ मे २०२४

चि. उबेद यास माहरुखचे अनेक आशीर्वाद,

तुझं पत्र मी भाताच्या कणगीमागे उभं राहून वाचलं, चोरासारखं. अम्मीला काही सांगितलं नाही. अब्बांना मात्र मातीची गोष्ट तेवढी वाचून दाखवली. मग काय, दुसऱ्या दिवशी महाडला चहाच्या टपरीवर सगळ्यांना कळलं की तय्यबभाईंचा मुलगा ऑस्ट्रेलियाचे रस्ते साफ करतो!

ते ट्रक चालवायचे तेव्हाचं आठवतं ना? कुणी बंद पडलेल्या गाडीच्या चाकाखाली दगड लावून तसेच टाकून गेला, कुठे कुत्रं मरून पडलं, की अब्बा भर घाटात ट्रक कडेला घेऊन खाली उतरणार. म्हणायचे की मागनं येनारा दोन चाकांवर असतो, त्याला दिसत नाय. फक्त रानडुक्कर असलं की हात लावायचे नाहीत. तौबा तौबा करत लांबूनच एखादी फांदी आडवी टाकायचे.

रानडुकरांचा तर आता इथे सुळसुळाट झालाय. तुझ्या दाजीची, ताबिशची, औद्योगिक वसाहतीची बस चुकली की तो मोटारसायकल काढतो, आणि परत येईपर्यंत माझा डोळा रस्त्यावर. त्याच्या पाळीतला राजेश गेल्या आठवड्यात डुकराला धडकला. गळ्याचं हाड मोडून घरी पडलाय.

म्हणून सांगते, रागावू नकोस. अब्बांचा रस्ता घाटाचा होता, तिथे गाड्या रांगत यायच्या. तुझ्या रस्त्यावर त्या उधळत येतात. तू उतरायचं नाहीस. तुला माझी शपथ आहे. जनावर पडलंय तर पडू दे.

लोभ वाढवणारच आहे, काय करायचं ते कर.

तुझी,
माहरुख आपा

दि. ६ जून २०२४

प्रिय आपा,

सलाम. सा. न. वि. वि.

आज थट्टा सुचत नाही. पेट्रोल पंपावर भेटणारा एक म्हातारा होता. माझ्या गाडीहून चौपट जुनी मोटारसायकल, आणि तिच्या टाकीवरून कापड फिरवत बसायचा. मला त्यानंच शिकवलं होतं की जनावर दिसलं तर हँडल वळवायचं नाही, सरळ ब्रेक दाबायचा, आणि एक गेलं की दुसरं येतंच. आयुष्यभर याच रस्त्यावर फिरलेला माणूस. मंगळवारी पहाटे कांगारूनं झाडीतून उडी टाकली ती थेट त्याच्या छातीवर. त्याला सगळं माहीत होतं आपा, तरी गेला.

तेव्हापासून मला भीती वाटते. कुंपणाचा खांब हलल्यासारखा वाटतो. हिवाळा आहे, पाळी सुटेस्तोवर सूर्य अगदी रस्त्याच्या टोकाला टेकलेला असतो आणि समोरचं काही दिसत नाही. ओंकार आणि मी मिळून एक जुनी मोटार बघतोय. ती आली की मोटारसायकल बंद.

तुझी शपथ मी मोडणार नाही, पण अर्धीच पाळता येते. ओंकार माझ्या पुढे असेल तर मी उतरणार नाही. तो मागे असेल तर काय करू, ते तूच सांग.

ईदच्या दिवशी अम्मीला फोन करीन. तेव्हा तू हसरं तोंड ठेव, ती चेहऱ्यावरून ओळखते. लोभ असू दे, या खेपेला जरा जास्तच.

तुझा,
उबेद

दि. २१ जुलै २०२४

सौ. माहरुखताई यांस,
ओंकारचा शि. सा. नमस्कार.

कारखान्यातून तुम्हाला फोन झाला तेव्हा मी शेजारीच उभा होतो. माझ्या हातात फोन दिला होता. पण तुमच्या अम्मींचा आवाज ऐकला आणि मी फोन परत दिला. माफ करा. जे घडलं ते तुम्हाला कळायला हवं, म्हणून लिहितो.

त्या दिवशी उबेद नेहमीसारखा आधी निघाला. चढ संपतो तिथे कुणाच्या तरी मोटारीनं उडवलेला मोठा कांगारू रस्त्यावर पडला होता. उबेदनं मोटारसायकल कडेला लावली, दिवा चालू ठेवला आणि जनावर ओढून गवतात टाकलं. एवढं करून निघाला असता तर वाचला असता. पण तो माती टाकायला परत रस्त्यावर गेला. चढावरून ट्रक आला. ड्रायव्हरच्या डोळ्यांत सूर्य होता. तो माणूस नंतर रस्त्यात बसून लहान पोरासारखा रडत होता, त्याला मी काय बोलणार?

मी पोचलो तेव्हा रक्तावर माती नीट पसरलेली होती. माझं चाक घसरलं नाही, ताई. त्या वाटेनं माझ्याआधी दुसरं कुणी दुचाकीवालं येणार नव्हतं. ती माती माझ्यासाठी होती.

जवळच्या शहरातल्या कब्रस्तानात दफन झालं. इमामसाहेबांना विचारून मीही तीन मुठी माती दिली. त्याच्या घरचं तिथे माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

दिवाळीला गावी येतोय. तुडीलला यावं की तोंड न दाखवता सरळ कुडपणला जावं, ते कळत नाही. तुम्ही उत्तर दिलं नाहीत तरी माझी तक्रार नाही. लोभ ठेवा असं कुठल्या तोंडानं लिहू?

आपला,
ओंकार

दि. २६ ऑगस्ट २०२४

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद,

उत्तराला उशीर झाला. तुझं पत्र हातात घेतलं की मला पुढे वाचवत नव्हतं. खरं सांगते, पहिले काही दिवस मला तुझा राग आला. तू अर्धा तास आधी सुटला असतास तर, असं मनात यायचं. मग माझाच मला राग आला. आता कुणाचाच येत नाही, नुसतं रडू येतं.

अब्बांनी अंथरूण धरलं होतं. एकदाच म्हणाले की मीच शिकवलं त्याला, मीच घेतला त्याचा जीव. मी तुझं पत्र वाचून दाखवलं. तू माती दिलीस ती ओळ त्यांनी परत वाचायला लावली, आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

परवा ताबिश त्यांना महाडला डॉक्टरांकडे घेऊन गेला होता. परत येताना गावाच्या वळणावर रानडुक्कर मरून पडलेलं, ऐन रस्त्यात. ताबिशनं बाजूनं गाडी काढली, पण अब्बांनी त्याच्या खांद्यावर थाप मारून थांबवलं. त्याला वाटलं, फांदी टाकतील. अब्बा उतरले, गाडी वळवून दिव्याचा झोत मागच्या बाजूला धरायला सांगितलं, आणि दोन्ही हातांनी डुकराचे मागचे पाय धरून ते कडेला ओढलं. मग पावसानं भिजलेली माती ओंजळीओंजळीनं आणून रक्तावर टाकली. ताबिश मदतीला गेला तर त्याला हात लावू दिला नाही.

घरी येऊन त्यांनी सात वेळा हात धुतले, त्यातलं एकदा मातीनं, आपल्याकडे डुकराला हात लागला की धुतात तसे. पाणी अम्मीनं घातलं. तिनं विचारलं की आयुष्यभर शिवला नाहीत, मग आजच का. तर म्हणाले की पाळी सुटायची वेळ होती, मागनं कुणाचा तरी ओंकार येत असंल.

तेव्हा दिवाळीला कुडपणला चढण्याआधी इकडेच ये. अम्मी तांदळाची भाकरी करून वाट पाहील. सावकाश ये. वाटेत काही पडलेलं दिसलं तर उतरू नकोस असं लिहिणार होते, पण आता ते लिहिता येत नाही. उतरण्याआधी मागे बघ, एवढंच.

लोभ तू मागितला नाहीस तरी आहे.

तुझी,
माहरुख आपा