उत्तर बाबांनी दिलं

कोपरी, मंगळवार, १२ नोव्हेंबर १९९६

आज क्लासमध्ये सी प्लस प्लसचा प्रोग्राम पुन्हा फसला. हुकूम एकच, 'काढ'. तो ऐकून गोलाने गोल काढायचा, चौकोनाने चौकोन. सर यालाच पॉलिमॉर्फिझम म्हणतात. विचारणाऱ्याने सगळ्यांना एकच विचारायचं, उत्तर ज्याचं त्याचं. पण माझे सगळे आकार वरच्या मूळ क्लासचंच, म्हणजे ज्या साच्यावरून ते बनवले त्याचंच, उत्तर देत होते. डोकं फिरलं, कीबोर्ड आपटला.

शेजारच्या पीसीवरून सुजाता म्हणाली, "अरे, त्याला का मारतोस? मूळ क्लासमध्ये 'व्हर्च्युअल' हा शब्द लिहिलाच नाहीस. मग पोरं बापाचंच बोलणार ना."

लिहिलं, लगेच चाललं. नंतर खाली चहा पिताना तिने विचारलं, "कॉलेज का सोडलंस रे?"

आणि मी म्हणालो, "पोटापाण्याचं बघायला नको का?"

हे बाबांचं वाक्य. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी माझ्याबद्दल विचारलं की ते हेच सांगतात, अगदी याच सुरात. ती नुसतं "हं" म्हणाली, ग्लास ठेवला आणि वर गेली.

माझं उत्तर वेगळं होतं की. प्रोफेसरशी भांडून तडक निघालेलो, वाटलं कोणीतरी मागे येईल, थांब म्हणेल. कोणी आलं नाही. मग परत कुठल्या तोंडाने जाणार? एवढंच. हे तिला सांगता आलं असतं, ती हसली नसती.

कॉलेज का सोडलंस रे. घरात हे कोणी विचारलेलंच नाही, सगळे नुसते ओरडले. पहिल्यांदा कोणी मला विचारलं, आणि मी बाबांना पुढे केलं.

बाहेर टीव्ही चालू आहे. मी इथे खरं उत्तर हळू आवाजात म्हणून बघतोय. बरं जमतंय. विचारणारं कोणी नाही.