थोरल्यांचं नाव

कुराय, १२ ऑक्टोबर १९६४

ती. मामांच्या चरणी टोलुनायचा सा. न. वि. वि.

ट्रकवाला थांबलाय, घाईत लिहिते. माझा नवरा बायरिम परवा चुकलेल्या घोड्या शोधायला वर गेला आणि मागोमाग बर्फ आलं. अजून परतला नाही. शहरातून शोधपथक आलं. विचारलं, कुठल्या डोंगरावर? आता मी काय सांगू! अल्ताय म्हणजे अख्खी रांग, ते नाव कुणीही घ्यावं. पण हा सासरच्या कुळाचा डोंगर, म्हणजे माझा सासराच, त्याचं नाव सुनेने तोंडातून काढायचं नाही. ओढा सांगावा तर ओढ्याला त्याचंच नाव, खिंडीलाही त्याचंच. ढगांनी सगळं झाकलंय, बोट दाखवायचीही सोय नाही. पुरुषमाणसं कळपांमागे लांब. सासूबाईंकडे पाहिलं, तर त्याही या घरच्या सूनच! शेवटी आम्ही सुना म्हणतो तसं, थोरल्यांकडे गेलाय एवढंच म्हटलं. म्होरक्याने नकाशातलं सगळ्यात उंच शिखर धरलं आणि घोडी भलत्याच खोऱ्यात घातली. तिकडे नव्हे म्हणून मी मागून ओरडले, वाऱ्यात कुणाला ऐकू जाणार?

नाव घेतलं तर थोरले कोपतील, आणि बायरिम त्यांच्याच मांडीवर आहे. सासूबाई म्हणतात, तोंड उघडलंस तर तूच त्याला मारलंस. नाही उघडलं तरी मीच मारणार. काय करू मामा?

तुमची,
टोलुनाय

ओंगुदाय, १३ ऑक्टोबर

चि. टोलुनायला पोटभर आशीर्वाद.

वेडे, तुझ्या आईने जन्मभर तुझ्या बापाचं नाव घेतलं नाही, पण त्याला शिव्या घालताना कधी अडली नाही! तुमच्याकडच्या डोंगराचं नाव मला ठाऊक असतं तर मीच ट्रकवाल्याच्या कानात ओरडलो असतो. सासरा मानतेस ना त्यांना? मग लेक मरायला टेकलेला असताना सून मोठ्याने ओरडली, म्हणून कुठला सासरा काठी उगारतो? उगारलीच तर सांग, मामाने शिकवलं. गुडघा धरलाय, तरी दूध शिंपडायला आणि खिंडीत पांढऱ्या फिती बांधायला मी येईन, नाक घासून माफी मागेन. फाटलेली रीत मला सांधता येईल, गोठलेला जावई नाही.

पोरी, पत्र खाली ठेव आणि बोल. लोभ मागायचा मान धाकट्यांचा. आज मीच मागतो, लोभ असू दे आणि धीर सोडू नकोस.

तुझा मामा

कुराय, १९ ऑक्टोबर

ती. मामांस सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचत होते तोच पथक रिकामं परतलं. अंगणात उभी राहिले. थोरल्यांचं नाव असं ओरडले की कुत्री भुंकायला लागली. सासूबाईंनी कान झाकले. एका स्वाराला ते नाव ठाऊक होतं, त्याने तिथूनच घोडं वळवलं. खिंडीखालच्या कपारीत बायरिम सापडला, खोगिराखाली मुटकुळं करून पडलेला. डाव्या पायाची बोटं गेली.

शुद्धीवर येताच त्याने विचारलं, ठिकाण कुणी सांगितलं? पथकवाल्यांनी सांगितलं, तुझ्या बायकोने. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. सासूबाई माझ्या हातचा चहा घेत नाहीत. शेजारणी म्हणतात, बोटं थोरल्यांनीच ठेवून घेतली. असेल. बाकीचा दिला ना?

मामा, लवकर या. इथे माझ्या बाजूने बोलणारं कुणी नाही. मी चुलीपाशी बसून असते. तो भिंतीकडे तोंड करून पडतो, पाठ माझ्याकडे. ती वर-खाली होते, मी बघते. तेवढ्यावर भागवते.

लोभ तुमचा तरी असू द्या.

टोलुनाय