काशीत सोडलेला चहा

तात्या, आज सकाळी चहासाठी आलं ठेचताना तुमचा राग आला. बाप जाऊन इतकी वर्षं झाली आणि बाईचा राग अजून तसाच, असं कुणी म्हटलं तर म्हणू दे. तुमच्यापाशी लपवून काय करू?

कोऱ्हाळ्यातली ती पहाट तुम्हाला आठवते का? भाजीचा टेम्पो बारामतीच्या मार्केटला निघायच्या आधी, घर झोपलेलं असताना, मी चुलीवर चहा टाकायचे आणि तुम्ही वांग्याचे क्रेट रस्त्याकडेला लावून आत यायचात. दिवसभर तुमच्या तोंडून शब्द फुटायचा नाही, पण त्या वेळी बोलायचात. कुठल्या वाफ्याला कीड लागली, आज्जाची मेंढरं होती तेव्हा कुठं कुठं तळ पडायचा, असलं काहीबाही. अर्धा कप बशीत ओतायचात, फुंकर घालायचात आणि बशी माझ्याकडं सरकवायचात. भावंडं पुष्कळ होती, पण बशी माझी. मी सगळ्यांत लाडकी आहे हे मला कुणी सांगायची गरजच नव्हती.

मग मी दहावीत होते त्या वर्षी भजनी मंडळाची गाडी काशीला गेली आणि तुम्ही तिच्यात बसलात. आल्यावर अंगणात मावंद्याचं जेवण झालं, लोक तुमच्या पाया पडले, आणि पंगतीत नेहमीची चेष्टा सुरू झाली. काशीला गेलं की आवडीची एक वस्तू गंगेत सोडून यायची, पुन्हा जन्मात तोंडाला लावायची नाही, ही रीत. कुणी कारलं सोडून आला होता, कुणी दोडका. शेजारचे आबा तर दुधी सोडून आले होते, आणि त्यांनी आयुष्यात दुधी खाल्ला नव्हता हे सगळ्या गावाला ठाऊक. आम्ही पोट धरून हसत होतो. तुम्ही मात्र काय सोडलं ते सांगितलं नाहीत.

दुसऱ्या पहाटे मी कप पुढं ठेवते, तर तुम्ही त्यावर आडवा हात धरता.

"च्या सोडला म्या, पोरी."

"समद्यांनी कारली सोडली, तुमी च्याच का सोडला?"

"नावडतं सोडायचं आन् देवाला फसवायचं, ही कसली रीत?"

एवढं बोलून तुम्ही उठलात, आज्जाची काळी घोंगडी घेतलीत आणि कांद्याच्या वखारीत भिंतीकडं तोंड करून बसलात. चूल आणि वखार यांच्यात नुसता एक काटक्यांचा कूड. त्या दिवसापासून आमची पहाट त्या कुडापलीकडं गेली. आई माझी समजूत काढायची, "जे लई आवडीचं हाय त्येच सोडलं की गं त्येंनी." ते ऐकून मी जास्तच जळायचे. आवडीचं होतं तर सोडलं कशाला?

एकदा न राहवून मी विचारलंच, "तितं बसून करता काय?"

"म्या कोन हाय ते बघतो."

"मग मला इचारायचं की. तुमी आमचं तात्या."

तुम्ही हसलात. पुष्कळ दिवसांनी हसलात. "ते तर हायच. पन त्येच्या म्होरं कोन, ते बघायचं हाय."

त्याच्या म्होरं! आमचे तात्या असण्याच्या पुढं आणखी काही होतं, आणि ते तुम्हाला आमच्याहून हवंसं होतं. मी देवाशी भांडण मांडलं. रोज पहाटे मुद्दाम पातेली आपटायचे, कपबशी वाजवायचे, "च्या झाला" म्हणून कुणाला तरी ओरडून सांगायचे. तुमची पाठ हलायची नाही. पुढं वरकुट्याहून, कुठून कुठून माणसं यायला लागली. "तात्यांच्या डोळ्यांत काय शांती हाय" म्हणायची. त्यांना डोळे, आम्हाला पाठ. माझं लग्न होऊन मी अंथुर्ण्याला निघाले तेव्हा सगळं घर रडत होतं आणि तुम्ही कोरड्या डोळ्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवलात. वऱ्हाडातल्या बायका म्हणाल्या, वैराग्य म्हणावं तर हे. त्या वैराग्याला काडी लावावी असं मला वाटलं.

तुम्ही गेल्यावर आईनं घोंगडी मला दिली. आता लेक हाताशी आली आहे, ती चहा करते आणि मी मागच्या खोलीत घोंगडीवर बसते. भक्ती वगैरे काही नाही. नवऱ्याला नादी लावणाऱ्या सवतीचं घर एकदा आतून बघून यावं, तशी मी बसते. तिथं असं काय होतं, जे माझ्या चहापेक्षा गोड होतं?

आज डोळे मिटले आणि आलं ठेचल्याचा आवाज आला. आधी मी ठेचलं होतं, ते कमी पडलं म्हणून लेक आणखी ठेचत होती. मग उकळी, मग गाळणी, मग कप ठेवल्याचा आवाज. आणि तात्या, तेव्हा मला कळलं. तुम्हाला सगळं ऐकू येत होतं. प्रत्येक पातेलं, प्रत्येक बशी, मी मारलेली प्रत्येक हाक. तुम्ही ध्यानात हरवला आहात असं धरून मी वर्षानुवर्षं रागावले, आणि तुम्ही कुडापलीकडं रोज तोच चहा पुन्हा पुन्हा सोडत होतात.

"आई, च्या निवतोय गं!" लेकीनं हाक मारली.

मी उठले. पहिल्या हाकेला उठले. अर्धा चहा बशीत ओतला आणि तिच्याकडं सरकवला. तुम्ही कसे उठला नाहीत, तात्या? इतकी वर्षं मला देवाचा हेवा वाटला, आज पहिल्यांदा तुमचा वाटतो.

हा कागद कुठं पाठवायचा नाही. तुम्ही जिथं पोचलात तिथं तो म्हणजे पुन्हा माझी एक हाकच व्हायची. फक्त एक सांगते. मी ध्यानाला बसते असं घरात सगळ्यांना वाटतं. खरं तर मी डोळे मिटून चहाची हाक कधी येते याची वाट बघत असते.