तोंड माझं, माईक तिचा

४ जानेवारी
नातीच्या जुन्या फोनला सांगते आहे. आपण बोलायचं, तो लिहून घेतो. माणसांपेक्षा बरा, मधे तोंड घालत नाही. मला अक्षर येत नाही, पण मी कवी आहे, हे आजच कळलं.
नात कॅफेत माईकवर तालात बोलते, मागे ढॅणढॅण लावून. स्पोकन वर्ड म्हणतात. त्यात मधेच मी ओरडते: 'चहा गार, भांडी चार, ही आमची कलाकार.' माझी बोलणी कार्टीने चोरून मोबाइलमध्ये भरून घेतली आहेत. सून म्हणाली, आई, लोक तिथेच सगळ्यात जास्त हसतात. म्हणजे कविता माझी आणि नाव हिचं.

५ जानेवारी
नातीला सांगितलं, एक तर मला स्टेजवर ने, नाहीतर माझं तोंड परत कर. म्हणाली, आजी, तुझं तोंड तुझ्यापाशीच आहे, पलीकडच्या इमारतीत ऐकू येतं.
आठवडाभर अबोला धरायचं ठरवलं. संध्याकाळी मोडावा लागला. बयेने नळ चालू ठेवला होता.

९ जानेवारी
नात घेऊन जायला तयार झाली. मी जेवण सोडलं होतं. तिच्या पाठीमागे थोडं खाल्लं, ते सोडा.
आता नियम. रोज सराव. घरात कुणाला टोचून बोलायचं नाही, राग स्टेजसाठी साठवायचा. सकाळभर सुनेला एक शब्द बोलले नाही. शेवटी तिने कपाळाला हात लावून बघितला, ताप आहे का म्हणून.

१८ जानेवारी
पहिला कार्यक्रम. काळ्या भिंती, डुगडुगत्या खुर्च्या. एक टोपीवाला सगळं चालवतो, आवाजाची यंत्रंही तोच बघतो. छपराखाली टोपी कशाला, देव जाणे. बाकीची मुलं फोनमध्ये बघून वाचत होती. ज्याला स्वतःचं पाठ नाही त्याने दुसऱ्याला ऐकवू नये, असं मी सांगितलं. टोपीवाल्याने माईक काढून घेतला. माझा नंबर आला नव्हता म्हणे.
नंबर आला. सुरुवात झकास. पण भांडी म्हटल्यावर मला जाऊ आठवली, तिने नेलेलं पातेलं आठवलं, आणि ती बया पुढची ओळ अडवून उभी राहिली. मी थांबले. तर अख्खा कॅफे चुटक्या वाजवायला लागला. इथे दाद चुटक्यांनी देतात. एवढ्या कुणालाच मिळाल्या नाहीत. नातीला तर एकही नाही. बिचारी.

१९ जानेवारी
नात म्हणते, आजी, ओळ विसरणाऱ्याला धीर द्यायला वाजवतात त्या.
जळते.

२ फेब्रुवारी
दुसरा कार्यक्रम. चुटक्याच चुटक्या. एकदा तर थांबेचनात, मी पाणी पिऊन घेतलं. त्यात नातीचा वेळ संपला, दोन ओळी म्हणून तिला खाली उतरावं लागलं. वाटेत बोलली नाही. घरी आल्यावर बोलली. मी तिचं करिअर खाते म्हणाली. म्हटलं, खायला मला दात तरी आहेत का. सून हसली. आम्ही दोघींनी एकदमच तिच्याकडे बघितलं, तेवढं एक आमचं जमलं.

११ फेब्रुवारी
टोपीवाला घरी आला. मोठ्या हॉलमध्ये खेळ आहे. बाहेरची माणसं बघायला येणार, पसंत पडेल त्याला गावोगावी फिरवणार. नात शिकत असल्यापासून याच्यासाठी झिजते आहे. टोपीवाला हळूच म्हणाला, आजी नकोत हं. मला कमी ऐकू येतं असा समज मीच करून दिला आहे, त्याचा असा उपयोग होतो.
आत जाऊन सांगितलं, मी नाही तर माझा एक शब्द वापरायचा नाही. नातीचं तोंड उतरलं. माझ्या ओळी काढल्या तर तिच्याकडे राहतं काय? दुःख. ते प्रत्येकाच्या घरी आहे, तिकीट काढून कोण ऐकेल.

१२ फेब्रुवारी
नात आणि टोपीवाला दार लावून बराच वेळ कुजबुजली. मग नात म्हणाली, आजी, तू असशील. मधोमध खुर्ची आणि तुझा वेगळा माईक. शेवटपर्यंत का, विचारलं. शेवटपर्यंत, म्हणाली. बघत मात्र जमिनीकडे होती. हरलेलं माणूस असंच बघतं.

२० फेब्रुवारी
सराव जोरात. टोपीवाला रोज येतो, एकेक ओळ म्हणवून घेतो. अडले की पुन्हा. नीट आली की यंत्रात भरतो. कशाला रे, विचारलं. आठवण म्हणून, म्हणाला. आता कळली किंमत. माझ्यासमोर टोपी काढ म्हटलं, काढली. आत काही नव्हतं. घाल बाबा, म्हटलं.

१ मार्च, सकाळ
आज खेळ. दिवसभर मौन, घसा जपायचा. मला एकटीलाच पसंत केलं तर? नातीला सोबत नेईन. पिशव्या उचलायला कुणीतरी लागतंच.

१ मार्च, संध्याकाळ
हॉल गच्च. नातीने सुरुवात केली, मला खूण केली, मी तोंड उघडलं. काय आवाज लागला. खणखणीत, एक ओळ इकडची तिकडे नाही. मधे जाऊ आठवली, मी क्षणभर अडकले, तरी ओळ आपली पुढे गेली. एवढी पाठ झाली होती. चुटकी एकही नाही. थक्क झाले असणार. पुढच्या रांगेतली बाहेरची माणसं डोळे पुसत हसत होती.
शेवटाजवळ मला ठसका लागला. साधासुधा नाही. माईक तोंडाशीच होता, त्यातच खोकले. कुणी वळून बघितलं नाही.
माझा आवाज चालूच होता.
नातीने एकदा माझ्याकडे बघितलं. मग समोर बघून तिची ओळ म्हणाली. छान म्हणाली.
उरलेल्या ओळींना मी नुसतं तोंड हलवलं. तिथेही दोनदा मागे पडले.