लतिकेने मारलेला दगड

तलासरी, १२ नोव्हेंबर १९५८
डहाणू रोडला उतरलो आणि तिथून एस.टी.ने इथवर. शास्त्रशिक्षकाची पहिलीच नोकरी, मागे अंगण असलेले घर, आणि बायको खूश! लतिका म्हणते, ओटा ऐसपैस आहे, आता खुशाल पाहुणे बोलवा. त्यात शाळेच्या कौलांखाली पंख दुखावलेले मोठे शिंगवाले घुबड सापडले. गोणपाटात घालून मीच आणले. अंगणातल्या रिकाम्या खुराड्याला नवी जाळी मारली, बसायला फांदी आणि पाण्याला दगडी कुंडी ठेवली. पुढच्या महिन्यात इन्स्पेक्टर येणार. दाखवायला याहून झकास काय असणार?

१५ नोव्हेंबर
घुबड कोपऱ्यात तोंड खुपसून बसते, उंदराला शिवत नाही. जवळ गेलो की पिसे फुलवून चोच कटकट वाजवते. लतिका कपडे वाळत घालते तेव्हा मात्र तिच्याकडे टक लावून बघते. आज तिचे डोके फिरले. मी दार उघडून पाणी ठेवत होतो, तेवढ्यात तिने मुठीएवढा दगड भिरकावला. घुबडाने तो पंजात उचलला आणि सोडलाच नाही. पाणी भरणारी हिरी कळशी टाकून धावत आली. म्हणे, घुबड तो दगड पाण्यात घासते, आणि दगड झिजतो तसे मारणारे माणूस झिजते. आत्ताच्या आत्ता काढून घ्या म्हणाली. मी पोट धरून हसलो. पाखरू बिचकले तर रुळणार कधी?

२१ नोव्हेंबर
फत्ते! उंदीर खाल्ला, शेपटीसकट. फांदीवर बसते, मला बघून पिसे फुलवत नाही. दुपारी खाली उतरून तो दगड पाण्यात बुडवून कुंडीच्या काठावर घासते. भारीच गंमत! वहीत टिपून ठेवले. लतिकेला बारीक ताप आहे. नव्या जागेचे पाणी बाधले असावे.

२८ नोव्हेंबर
घुबड अंगाने भरले, आता माझ्या हातून मांस घेते. लतिकेच्या बांगड्या मनगटावरून गळून पडतात. डहाणूच्या डॉक्टरांना काही सापडले नाही. हिरी पुन्हा विनवत होती, मी तिच्यावर खेकसलो. इन्स्पेक्टर आठ दिवसांवर आले आणि पाखराला आता डिवचू?

३ डिसेंबर
लतिकेला उठवत नाही. पाठीला हात लावला, नुसती हाडे. तिने विचारले, दगड केवढा उरलाय हो? सुपारीएवढा. मी तिचे पांघरूण सारखे केले. खड्ड्यात गेले इन्स्पेक्टर! चूक माझी आहे, माझीच.
हिरी म्हणते, अजून काढता येईल, पण अख्खा काढा. फुटला तर बाई —

४ डिसेंबर
हात घातला. नखे तळव्यातून आरपार. करंगळीचे कातडे सोलून काढले — मी किंचाळलो, ते जागचे हलले नाही. खुराडे आता त्याचे. परका मी.
घासतेय. रक्ताळलेल्या पायाने घासतेय.

५ डिसेंबर
कोयता घेऊन शिरलो. पंख तोडला. तोंडावर झेपावले — माझा डावा डोळा गेला — पुन्हा मारला, पुन्हा — मान तुटली. पंजा मिटलेलाच. पंजावर घाव घातला —
दगडाचे दोन तुकडे.
घरातून लतिकेची किंकाळी. एकच.
आत जायचा धीर नाही. इथेच बसून लिहितोय. हिरी दारातून ओरडतेय, मास्तर, या हो, बाई कमरेपासून —