आगळातलं मीठ

४ नोव्हेंबर, पेडणे
आले एकदाची! गडहिंग्लजहून दोन बस बदलून अंग आंबलं, पण खोली झकास आहे. खाली पाववाला, सकाळी गरम उंडे, म्हणजे इकडचे गोल पाव. नोकरीची प्रयोगशाळा म्हणजे मासळीचं जुनं शीतगृह, औद्योगिक वसाहतीत. आणि आत दुसऱ्याच वसाहती! प्रयोगशाळेच्या प्रमुख शालिनीमॅडमनी त्या दक्षिण ध्रुवाच्या समुद्रातून आणल्यात. दिसायला शेवाळ, पण प्रत्येक ठिपका एक जीव, असे हजारो जीव मिळून एकच अंग. निम्म्याहून जास्त जाती जगात दुसरीकडे कुठंच सापडत नाहीत. इथल्या उकाड्यात मिनिटभर टिकणार नाहीत, असं मॅडम म्हणाल्या.

शीतखोली सांभाळतात ते बाबलीमामा, पन्नाशीचे, पक्के पेडणेकर. पहिला प्रश्न, "तूं कोणाली गो?" बाबांचं नाव सांगून उपयोग काय, इथं कोण ओळखतंय! मग मला घाटी म्हणून चिडवत त्यांनी अर्धा उंडा दिला.

७ नोव्हेंबर
एक तपकिरी खपली कुठल्याच पुस्तकात नाही. मॅडम हरखल्यात, तिला नाव द्यायचंय. मी तिचे चार तुकडे केले, संध्याकाळपर्यंत चारही धडधाकट. भावांची वाटणी झाली, असं मामा म्हणाले. गोडं पाणी पडलं की मात्र खलास.

११ नोव्हेंबर
टाकीची काच खरवडताना मामांचं मनगट खरचटलं. खाज, चट्टे. त्यांच्या बायकोनं, कमलाक्षीमामींनी, कोकमाचं आगळ, म्हणजे घट्ट रस, चोळलं. अंगावर पित्त उठलं की इकडे तेच लावतात. चालेल ना, म्हणून मला विचारलं, शिकलेली ना मी! बिनधास्त लावा, दिवसातून तीनदा लावा, असं सांगितलं.

१५ नोव्हेंबर
चट्टे नाहीत. खपली आहे, तीच. भिंगाखाली बारीक तोंडं उघडतात, मिटतात. हात बर्फासारखा गार. म्हापशाचा डॉक्टर म्हणे नायटा. काल मी गोडं पाणी ओतलं तर सगळी गळून पडली, केवढं हायसं वाटलं. आज सकाळी कोपरापर्यंत.
मामींना विचारलं, रात्री काय लावलंत? आगळच. वर्षभर टिकावं म्हणून भरपूर मीठ घातलेलं. मीठ! आमच्याकडे वाळकी आमसुलं येतात, आगळात मीठ असतं हे मला ठाऊकच नव्हतं. त्या किड्याला समुद्र मीच पुरवला. मामांना काही झालं तर मी स्वतःला माफ करणार नाही.

१७ नोव्हेंबर
मॅडमना म्हटलं, मोठ्या हॉस्पिटलात नेऊ. त्या नमुना कापायला चाकू घेऊन आल्या. मामांनी कोयता उचलला. तोडू नका, तुकडे वाढतात, मी ओरडले — एका घावात स्वतःचा हात खाली. रक्त नाही. गार, खारं पाणी.
मॅडम हात उचलायला बरणी घेऊन वाकल्या. मामांनी कोयत्याची मूठ त्यांच्या तोंडावर हाणली. पुन्हा. पुन्हा. दात फरशीभर. वॉचमननं मॅडमना गाडीत घालून नेलं, पोलीस आणतो म्हणाला.
हात सरपटतोय. मी फावड्यानं ठेचला. ठेचला तेवढे तुकडे —

१८ नोव्हेंबर, दुपार
कुणी आलं नाही. खांदा गेला, मान गेली. मामा शीतखोलीत बसलेत, बाहेर काढलं की किंचाळतात. मामी दाराशी. मीही पळाले असते. पण तीनदा लावा हे माझ्याच तोंडून निघालं ना —

चार वाजता
मामा बोलले, अर्ध्या तोंडानं. "गोडें उदक घाल गो बाये. म्हाका हें नाका." त्यात ते वाचतील? माहीत नाही. डिस्टिल्ड पाण्याचे कॅन संपले. गच्चीवरच्या बोअरच्या टाकीला पाईप लावते.

ओतलं. गळत नाही. फुलतंय — सगळी तोंडं उघडी — मामी आडव्या आल्या, मामांनी त्यांचा गळा — मी ओढलं, सुटेना, मान कडकन —
दार लावून लिहितेय. पाईप आत तसाच चालू.
शिंतोडा तोंडात गेला. खारट. बोअरला खाडीचं पाणी लागलंय — देवा, मी अख्खी टाकी —
ओठ खाजतोय. गार पड