माठातलं पाणी

गुरुवार, १८ एप्रिल २००२. निमगाव सावा

आज मी माठाला हात लावला. अजून अंगावरून जातंय, बाजूला बसायचे दिवस आहेत, तरी लावला!

मागच्या महिन्यात पाळी चुकली, म्हणून मी बाजूला बसले नाही. सासूबाईंनी ते बरोबर हेरलं. मूल नको म्हणून पिशवीत बसवलेली तांबी असताना दिवस राहिले म्हणजे देवानंच नातू धाडला, असं आळीभर सांगून आल्या. परवा कळा आल्या, रक्त जायला लागलं. लगेच मला कोपऱ्यात घोंगडीवर बसवलं, माठाला शिवायचं नाही. "तुझ्या तांबीनंच प्वार खाल्लं," म्हणाल्या. खरंच का? मीही तेच घोकत बसले होते.

आज तांबी काढायला त्याच मला जीपनं नारायणगावला घेऊन गेल्या. डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली. तांबी खाली सरकली होती. "गर्भ राहिला असेल तर तो गेलाय, पिशवी आता साफ आहे. यात हिचा काही दोष नाही," त्या सासूबाईंकडे बघून म्हणाल्या. मग मला विचारलं, "आता काय करायचं?"

मला! मी म्हणाले, "ही काढा आणि दुसरी बसवा. दोन मुली पुरेत मला."

त्यांनी लगेच दुसरी बसवली आणि आम्ही जीपनं परतलो. घरी आल्यावर मी सरळ माठाकडे गेले, पेला बुडवला आणि उभ्यानंच प्याले. सासूबाई उंबऱ्यात उभ्या. वाटलं, विटाळला म्हणून आता माठ फोडणार.

"लई ऊन व्हतं," त्या म्हणाल्या. "मलाबी दे."